बोंड आणि खळी

जुन्या शिवणाच्या डब्यात टिचबटणांचं एक पान हमखास सापडायचं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ओळीने टाचलेल्या, चंदेरी नाहीतर काळ्या, बारक्या चकत्या. एका टिचबटणाला दोन चकत्या लागतात. एकीच्या मधोमध बारीक बोंड, दुसरीच्या मधोमध तेवढीच खळी. बोटाने दाबलं की टिच् आवाज होऊन दोन्ही एकमेकींत बसतात आणि ओढलं की सुटतात. लहान पोराच्या झग्याला ती लावताना शिवणाऱ्याने एवढंच सांभाळायचं, की बोंड एका पट्टीवर, खळी दुसरीवर आणि दोन्ही बरोबर समोरासमोर. घाईत दोन्ही पट्ट्यांवर बोंडंच शिवली गेली, तर कितीही दाबा, बटण लागत नाही. उसवा आणि पुन्हा शिवा.

पेशीतली माहिती साठवायची, तिची नक्कल काढायची आणि ती वाचायची, हे सगळं काम अशाच टिचबटणांवर चालतं. त्यांना पूरक जोड्या म्हणतात. शाळेत आपण 'ए समोर टी, जी समोर सी' एवढं पाठ करतो आणि पुढे जातो. पण ए समोर सी का चालत नाही? आणि या जोड्या इतक्या महत्त्वाच्या, तर निसर्गाने त्या इतक्या कच्च्या बंधांनी का जोडल्या? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झग्यातच आहे. पट्टी कायमची शिवून टाकली तर ती पक्की राहील, पण झगा पोराच्या डोक्यातून घालता येणार नाही.

जुळणारी वही, न कळणारा व्यवहार

१९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की न्यूमोनियाच्या एका जंतूचा आनुवंशिक गुण दुसऱ्यात नेणारा पदार्थ प्रथिन नसून डीएनए आहे. तोवर डीएनएला फारसं कोणी विचारत नव्हतं. त्यातली अक्षरं, म्हणजे बेस, चारच: ॲडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी). हे चारही सारख्या प्रमाणात असतात आणि ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, असा समज होता. ज्याला 'अबकड अबकड' एवढंच लिहिता येतं, तो पोथी काय लिहिणार?

एव्हरींचा निबंध वाचून कोलंबिया विद्यापीठातल्या एर्विन शारगाफ यांनी आपल्या प्रयोगशाळेचं सगळं काम डीएनएकडे वळवलं. डीएनएचे तुकडे करायचे, चार बेस कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने वेगळे काढायचे आणि प्रत्येक बेस अतिनील प्रकाश किती शोषतो यावरून त्याचं प्रमाण मोजायचं. बैल, माणूस, यीस्ट, पक्ष्यांना होणाऱ्या क्षयाचे जंतू, सगळ्यांचा डीएनए त्यांनी तपासला. चारही बेस सारखे नव्हतेच. माणसात ॲडेनिन सुमारे ३० टक्के आणि ग्वानिन सुमारे २० टक्के, तर क्षयाच्या जंतूंत ग्वानिनचं पारडं जड. एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या अवयवांत मात्र प्रमाण तेच. म्हणजे डीएनए 'अबकड' नव्हता.

या आकड्यांत आणखी एक गंमत होती. प्राणी कोणताही घ्या, ॲडेनिन जेवढं तेवढंच थायमिन आणि ग्वानिन जेवढं तेवढंच सायटोसिन. १९५० मध्ये शारगाफ यांनी हे छापलं. दरवेळी जमा आणि नावे पैशाला पैसा जुळत होते, पण मुळात व्यवहार काय झाला ते कोणालाच कळत नव्हतं.

पुठ्ठ्याचे तुकडे

तो व्यवहार उलगडला केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पीळ घेतलेले दोन पेड, साखर आणि फॉस्फेटचा कणा बाहेरून आणि बेस आतून, हे चित्र १९५३ च्या सुरुवातीला आकार घेत होतं. त्यामागे लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझालिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांनी केलेली मोजमापं होती. त्यांतलं काही त्यांना न विचारता केंब्रिजला पोचलं होतं. ही गोष्ट या शोधाच्या कथेतून वगळता येत नाही.

घोडं आतल्या बेसपाशी अडलं होतं. ॲडेनिन आणि ग्वानिन ही दोन कड्यांची मोठी मंडळी, तर थायमिन आणि सायटोसिन एकेका कड्याची छोटी. मोठ्यासमोर मोठा आला की पेड फुगणार, छोट्यासमोर छोटा आला की चिमटणार. जेम्स वॉटसन यांनी आधी सारख्याला सारखं जोडून पाहिलं. ते बसेना आणि त्यातून शारगाफ यांच्या वहीचा उलगडाही होईना.

त्यांच्याच खोलीत जेरी डॉनह्यू नावाचे एक अमेरिकी रसायनज्ञ बसत. त्यांनी वॉटसन यांना सांगितलं, की पाठ्यपुस्तकात ग्वानिन आणि थायमिनच्या आकृत्या चुकीच्या छापल्यात. त्यांतला एक हायड्रोजन दाखवलाय तिथे बसत नाही, शेजारच्या अणूवर बसतो. एक हायड्रोजन, तोही एका घराने सरकलेला. पण सगळं त्यावरच अडलं होतं.

धातूचे नमुने कार्यशाळेतून यायला वेळ होता. वॉटसन यांनी पुठ्ठा घेतला आणि दुरुस्त आकृत्यांबरहुकूम चारही बेस कापून काढले. २८ फेब्रुवारी १९५३, शनिवार. सकाळी टेबल रिकामं करून ते तुकडे इकडे-तिकडे सरकवू लागले. ॲडेनिनला थायमिन चिकटवलं, ग्वानिनला सायटोसिन चिकटवलं आणि दोन्ही जोड्यांची बाह्यरेषा एकसारखी आली. मोठ्यासमोर दरवेळी छोटा, म्हणून पेड ना फुगत ना चिमटत. ॲडेनिन जिथे तिथे समोर थायमिन असणारच, तेव्हा दोघांची संख्या सारखी भरणारच. शारगाफ यांच्या वहीतला व्यवहार सापडला. वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा निबंध २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आला.

चार अक्षरं, चार नक्षी

आता बेसच्या कडेकडे अगदी जवळून पाहू. नायट्रोजनला किंवा ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनवर किंचित धन भार येतो. हे आपलं बोंड. ज्या नायट्रोजनवर किंवा ऑक्सिजनवर हायड्रोजन नाही, तिथे किंचित ऋण भार असतो. ती खळी. बोंड खळीसमोर आलं की जी हलकी ओढ तयार होते, तिला हायड्रोजन बंध म्हणतात. चारही बेसची समोरासमोर येणारी कड वरून खाली वाचली तर अशी दिसते:

ॲडेनिन: बोंड, खळी.
थायमिन: खळी, बोंड, खळी.
ग्वानिन: खळी, बोंड, बोंड.
सायटोसिन: बोंड, खळी, खळी.

ॲडेनिन थायमिनसमोर ठेवा. बोंडासमोर खळी, खळीसमोर बोंड, दोन बटणं लागली. थायमिनच्या तिसऱ्या जागेवरच्या खळीसमोर ॲडेनिनकडे काहीच नाही, म्हणून ती रिकामी राहते. ग्वानिन सायटोसिनसमोर ठेवा, तिन्ही लागतात. वॉटसन आणि क्रिक यांनी या जोडीत दोनच बंध काढले होते. तिसरा १९५६ मध्ये लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी दाखवला.

आता ॲडेनिनसमोर सायटोसिन ठेवून बघा. एक मोठा, एक छोटा, मापाला जोडी योग्य. पण बोंडासमोर बोंड येतं आणि खळीसमोर खळी. दोन्ही पट्ट्यांवर बोंडं शिवल्यासारखंच. ग्वानिनसमोर थायमिन ठेवलं तरी पहिल्या दोन जागी तीच रड. म्हणजे जोडीला दोन परीक्षा द्याव्या लागतात, आधी मापाची आणि मग नक्षीची. दोन्ही उतरलेल्या जोडीत एका कण्यापासून समोरच्या कण्यापर्यंतचं अंतर सुमारे १.१ नॅनोमीटर भरतं, मग जोडी 'ए-टी' असो की 'जी-सी'. म्हणून आत कोणतंही अक्षर असलं तरी पीळ बाहेरून सारखाच राहतो. कोणताही मजकूर लिहा, कागद तोच.

दोन पेड एकत्र राहतात ते केवळ या बटणांमुळे, असं मात्र समजू नये. बेस चपटे असतात आणि जोड्या एकमेकींवर ०.३४ नॅनोमीटरच्या अंतराने भाकऱ्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या असतात. बेसच्या सपाट बाजूंना पाणी मानवत नाही, त्यामुळे त्या एकमेकींना घट्ट बिलगतात. डीएनएच्या स्थिरतेत या चवडीचा वाटा बटणांपेक्षा मोठा आहे. समोर कोण यावं हे बटण ठरवतं, आलेल्याला धरून ठेवण्याचं बरंचसं काम चवड करते.

उलटं वाचायचं

प्रत्येक पेडाला दिशा असते. कण्यातल्या साखरेच्या कार्बन अणूंना क्रमांक आहेत, त्यावरून पेडाच्या एका टोकाला पाच-प्राइम आणि दुसऱ्याला तीन-प्राइम म्हणतात. दोन पेड उलट दिशांनी जातात. रस्त्याच्या एका बाजूने गाड्या पुण्याकडे आणि दुसऱ्या बाजूने मुंबईकडे जाव्यात, तसे. फ्रँकलिन यांच्या मोजमापांतल्या सममितीवरून क्रिक यांनी हे ताडलं होतं.

नवख्या विद्यार्थ्याची पहिली चूक इथेच होते. एका पेडावर पाच-प्राइमकडून 'ए टी जी सी सी टी जी ए' आहे. समोरचा पेड लिहा. प्रत्येक अक्षराखाली जोडीदार मांडला की येतं 'टी ए सी जी जी ए सी टी'. अक्षरं बरोबर आहेत, पण हा पेड तीन-प्राइमकडून लिहिला गेलाय. रिवाजाप्रमाणे पाच-प्राइमकडून वाचायचा तर 'टी सी ए जी जी सी ए टी'. प्रयोगशाळेत असा उलटा लिहिलेला तुकडा मागवला, तर तो मुकाट्याने येतो आणि मुकाट्याने कुठेही चिकटत नाही.

'चिमा काय कामाची' हे आपण लहानपणी दोन्हीकडून वाचलेलं आहे. डीएनएतही तशी वाक्यं असतात, फक्त ती दोन पेडांत विभागलेली असतात. 'जी ए ए टी टी सी' याचा समोरचा पेड नियमाप्रमाणे लिहून बघा, पुन्हा 'जी ए ए टी टी सी'च येईल. ई. कोलाय जंतूचं ईकोआरआय हे एन्झाइम नेमकं हेच वाक्य शोधून दोन्ही पेडांवर पहिल्या 'जी'नंतर कात्री चालवतं. दोन्ही तुकड्यांना 'ए ए टी टी' अशी मोकळी शेपटी राहते. कोणत्याही दोन प्राण्यांचा डीएनए या कात्रीने कापा, शेपट्या एकमेकींना ओळखतात. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी याच शेपट्यांच्या जोरावर वेगवेगळे डीएनए जोडून जंतूत वाढवले.

हरगोविंद खुराना यांनी मोकळ्या शेपट्यांचा वापर वेगळ्या कामासाठी केला. त्यांच्या गटाने रसायनांतून डीएनएचे छोटे छोटे एकपेडी तुकडे बनवले, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला पूरक ठेवून. तुकडे आपापल्या जागी जाऊन बसले आणि सांधे एन्झाइमने बुजवले. १९७० मध्ये अशा रीतीने ७७ जोड्यांचं एक पूर्ण जनुक तयार झालं. मांडणी माणसाने केली होती, पण कोणाच्या शेजारी कोण बसायचं हे अक्षरांनीच ठरवलं.

सुटण्याची कला

एकेक हायड्रोजन बंध कण्यातल्या रासायनिक बंधांच्या तुलनेत फार दुबळा असतो. पण हजारो बटणं ओळीने लागली की पट्टी सहज उघडत नाही. आणि उघडायची झालीच, तर कण्याला धक्का न लावता एका टोकापासून उघडता येते. पेशीत हे काम हेलिकेज नावाचं एन्झाइम करतं. उघडलेल्या दोन्ही पेडांसमोर नवी अक्षरं येऊन बसतात आणि एकाचे दोन रेणू होतात, प्रत्येकात एक पेड जुना, एक नवा. १९५८ मध्ये मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी जंतूंना जड नायट्रोजन खाऊ घालून हे सिद्ध केलं.

पेशीबाहेर हेच काम उष्णता करते. पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास नेलं की दोन पेड सुटे होतात. आश्चर्य पुढेच आहे. १९६० मध्ये हार्वर्डमध्ये ज्युलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनी दाखवलं, की असे सुटे केलेले पेड सावकाश थंड केले तर आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. चुकीच्या ठिकाणी चार-पाच बटणं लागतात, पण ती टिकत नाहीत, सुटतात, आणि शोध पुढे सुरू राहतो. बंध पक्के असते, तर पहिली चूकच कायमची झाली असती.

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचलेली पीसीआर म्हणजे याच सुटण्या-लागण्याला लावलेलं चाक. तापवा, पेड सुटतात. थंड करा, प्रायमर नावाचे वीसेक अक्षरांचे तुकडे आपल्या जागी चिकटतात. थोडं तापवा, पॉलिमरेज एन्झाइम तिथून पुढे नक्कल लिहितं. अशा ३० फेऱ्यांत एका रेणूचे हिशेबाने १०७ कोटी होतात. प्रायमर कोणत्या तापमानाला सुटेल याचा प्रयोगशाळेतला तोंडी हिशेब असा: प्रत्येक 'ए' किंवा 'टी'ला दोन अंश, प्रत्येक 'जी' किंवा 'सी'ला चार. दहा-दहा असतील तर ६० अंश. हा अंदाज छोट्या तुकड्यांपुरताच, पण 'जी-सी'ची पकड जास्त, हे त्यात दिसतं.

आणि वीसच अक्षरं का पुरतात? चार अक्षरांचे वीस लांबीचे शब्द होतात सुमारे १.१ लाख कोटी. माणसाच्या जनुकसंचात अक्षरं सुमारे ३०० कोटी. तेव्हा तोच शब्द योगायोगाने दुसरीकडे असण्याची शक्यता फार कमी. जानेवारी २०२० मध्ये केरळमधल्या एका नमुन्यात नवा कोरोना विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत निश्चित झालं. भारतातला तो पहिला रुग्ण. विषाणूचा आरएनए आधी डीएनएत उतरवायचा आणि मग त्यावर नेमके शब्द चिकटतात का ते पाहायचं, अशी ती तपासणी. नंतर आपल्यापैकी अनेकांच्या नाकात गेलेल्या त्या काडीमागे हीच बोंडं आणि खळ्या होत्या.

आरएनए: एकटा पेड, स्वतःशीच जोडी

आरएनएत थायमिनच्या जागी युरॅसिल (यू) असतं. कडेची नक्षी तीच, म्हणून तेही ॲडेनिनशीच जुळतं. मग डीएनएने वेगळं थायमिन का बाळगलं? सायटोसिन आपोआप झिजतं. त्याचा एक नायट्रोजन गळून तिथे ऑक्सिजन येतो आणि 'बोंड, खळी, खळी'चं 'खळी, बोंड, खळी' होतं, म्हणजे युरॅसिल. माणसाच्या एका पेशीत दिवसाला असं शंभराच्या घरात तरी घडतं. डीएनएत मुळात युरॅसिल नसतं, म्हणून ते दिसलं की डागडुजी करणारं एन्झाइम ओळखतं, की हा घरचा नाही. असं एन्झाइम शोधणाऱ्या टोमास लिंडाल यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

आरएनए बहुधा एकपेडी असतो. समोर कोणी नसलं, की तो स्वतःवरच दुमडतो आणि आपल्याच दूरच्या अक्षरांशी जुळतो. पेशीत प्रथिनं बांधताना अमिनो आम्लं वाहून आणणारा टीआरएनए असाच जागोजागी दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरं असतात, ती निरोप्या आरएनएवरच्या तीन अक्षरी शब्दाशी जुळतात. या तीन जोड्यांतली एक मुद्दाम सैल ठेवलेली आहे. 'यू यू यू' आणि 'यू यू सी' या दोन्हींचा अर्थ फेनिलॲलनिन आणि दोन्ही शब्द एकच टीआरएनए वाचू शकतो. शेवटच्या जागी त्याचा 'जी' 'सी'शी नीट जुळतो आणि 'यू'शी जरा बाजूला सरकून. १९६६ मध्ये क्रिक यांनी हा सैलपणा ओळखला. त्यामुळेच अमिनो आम्लांच्या ६१ शब्दांसाठी ६१ वेगळे वाचक ठेवावे लागत नाहीत.

बोंड घसरलं तर

बटणं इतकी हलकी असताना नक्कल बिनचूक होते ती पॉलिमरेजमुळे. ते जोडीची बाह्यरेषा स्वतःच्या साच्यात बसते का ते पाहतं. १९९७ मध्ये एरिक कूल यांनी थायमिनसारखाच आकार असलेला, पण बोंड-खळी जवळजवळ काढून टाकलेला रेणू दिला, तरी पॉलिमरेजने तो ॲडेनिनसमोरच बसवला. केवळ निवडीत लाखात एखादी चूक होते. मागे वळून तपासल्यावर ती कोटीत एखादी उरते आणि नंतरच्या डागडुजीने साधारण अब्जात एखादी.

ही उरलेली चूक होते कशी? डॉनह्यू यांचा तो हायड्रोजन आठवा. पुस्तकात दाखवलेल्या जागी तो नसतो, हे बरोबर. पण क्वचित, अगदी क्षणभर, तो तिथे जातो. थायमिनचं बोंड दुसऱ्या घरातून पहिल्यात सरकतं आणि 'खळी, बोंड, खळी'चं 'बोंड, खळी, खळी' होतं. वरची यादी पुन्हा पाहा. हे हुबेहूब सायटोसिन आहे. त्या क्षणी समोर ग्वानिन आलं तर तिन्ही बटणं लागतात, माप जुळतं, साचाही हरकत घेत नाही. मग हायड्रोजन मूळ जागी परततो आणि मागे राहते न जुळणारी जोडी. डागडुजीतून ती सुटली, तर पुढच्या नकलेत अक्षर कायमचं बदलतं. हे असं होत असावं असं वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ च्या मे महिन्यातच सुचवलं होतं. ड्यूक विद्यापीठात हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाला २०१५ मध्ये ग्वानिन-थायमिनची जोडी खरोखरच असं रूप घेताना आढळली.

पाठ्यपुस्तकातल्या ज्या आकृतीने वॉटसन यांना चकवलं, तीच आकृती क्षणभर खरी होऊन पॉलिमरेजला चकवते. फरक एवढाच, की वॉटसन यांच्या खोलीत डॉनह्यू बसलेले होते.